मालन काय म्हणाली

बिरा कोळेकरचा माणसाच्या तोंडावर विश्वास नव्हता. चाळीस वर्षं जनावरांच्या बाजारात दलाली केलेल्या माणसाकडून तशी अपेक्षाही करू नये. २०४१ साल उजाडलं होतं, बैलाच्या कानात चिप आली होती, त्याचं वय, वजन, दुखणीखुपणी सगळं फोनवर दिसायचं. पण सांगोल्याच्या बाजारात सौदा अजून टॉवेलाखालीच व्हायचा. दोघांचे हात टॉवेलाखाली, तोंडानं पीकपाण्याच्या गप्पा, आणि बोटं धरून, दाबून भाव ठरायचा. शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागायचा नाही. मनातल्या भावाजवळ आलं की माणसाचा तळवा ओलसर होतो, अंगठा कणभर थरारतो, आणि ते बिरातात्याला बरोबर कळायचं. स्वतःचा हात मात्र तो ओंडक्यासारखा ठेवायचा. बाजारात त्याला 'मेलेला हात' म्हणायचे आणि तात्याला त्याचा अभिमान होता.

अशा माणसाची बायको आठ महिन्यांपूर्वी अंथरुणाला खिळली. मालनच्या मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी तुंबली. उजवं अंग गेलं, वाचा गेली, आणि समोरच्याचं बोलणं तिला कळतं की नाही हेही कुणाला सांगता येईना. ती डोळे उघडून बघायची. 'कळत असेल तर बोट दाब' म्हटलं तर कधी दाबायची, कधी नाही. आणि कुणी काही विचारलं नसतानाही दाबायची.

लेक सारिका मिरजेत औषधांचं दुकान चालवायची. तिनं आईला मिरजेतल्याच 'वाचासेतू' केंद्रात दाखल केलं. टीव्हीवर या केंद्राचा डंका वाजत होता. 'मुके बोलू लागले' असा कार्यक्रमच रोज सकाळी लागायचा. मालनच्या डोक्यावर पांढरी जाळीची टोपी बसवली, सारिकाच्या मनगटाला एक पट्टा बांधला आणि आईचा डावा हात तिच्या हातात दिला. मिनिटभरानं उशाशी ठेवलेल्या डबीतून आवाज आला. हुबेहूब मालनचा, सारिकाच्या फोनमधल्या जुन्या निरोपांवरून तो तयार केला होता.

"सारू, तुझी काय चूक न्हाई, बाय. रडू नगंस."

सारिका तिथेच कोसळली. आईच्या पायावर डोकं ठेवून ती इतकी रडली, की नर्सनं तिला धरून बाहेर नेलं. तात्या दाराशी उभा होता. त्याच्या मनात पहिला प्रश्न आला तो हा, की चूक नाही म्हणजे? कसली चूक? लेकीनं तर काही विचारलंच नव्हतं.

केंद्राचे प्रमुख डॉक्टर निरगुडकर बोलायला गोड होते, आणि तात्याचा अनुभव असा, की गोड बोलणाऱ्याचा बैल पाय तपासून घ्यावा. "मेंदूच्या पेशी काम करतात तेव्हा अगदी बारीक वीज निर्माण होते," डॉक्टरांनी समजावलं. "कवटीतून बाहेर येईपर्यंत ती फार क्षीण होते. आमची टोपी ती टिपते. त्यातून तुकडे मिळतात, अर्धेमुर्धे. ते तुकडे जोडून संगणक वाक्य पूर्ण करतो."

"आन् सारीच्या हातात पट्टा कशापायी? बोलायचं मालननं हाय न्हवं?"

"आपुलकीचा स्पर्श झाला की सिग्नल बळकट होतो, तात्या. दोन मेंदू एका लयीत येतात. शास्त्रानं सिद्ध झालंय. अठ्ठ्याण्णव टक्के अचूकता आहे आमची."

"म्हंजी शंभरातलं अठ्ठ्याण्णव येळा बराबर. बराबर हाय, हे कुणी सांगितलं?"

"कुटुंबीयांनी. त्यांना आम्ही प्रत्येक वेळी विचारतो, हे तुमच्या माणसाचंच बोलणं वाटतं का?"

"आन् माझ्या माणसाला कोन इचारतं?"

डॉक्टर हसले आणि दुसऱ्या खोलीत गेले. प्रश्न तात्याच्या लक्षात राहिला.

मग त्याची स्वतःची पाळी आली. मनात शंका घेऊनच त्यानं पट्टा बांधला, मालनचा हात हातात घेतला. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली होती, आणि दिवसाढवळ्या, चारचौघांत बायकोचा हात धरायची ही त्याची पहिलीच वेळ. घरचा सोपा डोळ्यांपुढे आला, तिची चुलीजवळची जागा आली. डबी बोलली, "आवं, मला घरी न्या. हितं माझा जीव रमत न्हाई."

तात्याचे डोळे भरून आले. शंकाबिंका सगळी कुठल्या कुठे गेली. आठ दिवस तो रोज एसटीनं मिरजेला गेला, मालनशी बोलला, ती घरी येते म्हणाली, अंगणातल्या तुळशीला पाणी घाला म्हणाली. तात्यानं घरी खाट मागवली, न्हाणीघराची पायरी काढून उतार करून घेतला. आपला माणूस आपल्यासारखंच बोलत असेल तर खोटं कशाला म्हणायचं?

नवव्या दिवशी सारिका कागद घेऊन आली. केंद्राला मालनच्या कवटीच्या आत, मेंदूवरच एक चकती बसवायची होती. म्हणजे म्हणे ती टोपीशिवाय, सलग बोलू लागेल. सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांनी पूर्वीच सांगितलं होतं, की मालनचं हृदय इतकं कमजोर झालंय की भूल दिली तर ती टेबलावरून परत येईलच असं नाही. पण गेल्या वर्षी नवा नियम आला होता. यंत्रानं नोंदवलेला होकार हा रोग्याचा स्वतःचा होकार. त्याखाली एका नातेवाइकाची सही लागे, बस. सोमवारची तारीख मिळाली होती.

"आईच म्हणाली, ऑपरेशन करा म्हणून," सारिका म्हणाली. "मी तिला धोका सांगितला. तरी म्हणाली, मला तुझ्याशी बोलायचंय."

"मला तर घरी न्या म्हनती."

दोघं डॉक्टरांकडे गेले. निरगुडकरांना मुळीच आश्चर्य वाटलं नाही. "मनाचे दोन थर असतात," ते म्हणाले. "वरचं मन नवऱ्याशी बोलतं, ते भितं. खोल मन लेकीशी बोलतं, ते धीट आहे. मानसशास्त्रात खोल मनाचं खरं मानतात."

तात्याला पुन्हा बाजार आठवला. गाय एकच, आणि दोन गिऱ्हाइकांना दोन वेगळ्या गोष्टी ऐकू येतात, तेव्हा बोलत असतो तो दलाल. गाय नव्हे.

दुसऱ्या दिवशी तो एकटा आला. पट्टा बांधला, मालनचा हात धरला, आणि आपला हात मेलेला करून टाकला. बाजारात करायचा तसाच. श्वास खाली सोडला, मनातून घर काढलं, मालन काढली, भिंतीवरच्या पालीकडे बघत राहिला. डबी गप्प. खाटेशेजारच्या पडद्यावर अक्षरं आली, 'सिग्नल क्षीण. कृपया आपुलकीनं हात धरा.' पाच मिनिटं गेली, दहा गेली. नर्स येऊन टोपी नीट करून गेली. तरी डबी गप्पच.

टोपी मालनच्या डोक्यावर होती. मेंदू मालनचा होता. मग गप्प कोण झालं होतं?

पडद्याच्या कडेला, अगदी बारीक, यंत्र चाचपडत असलेले शब्द येऊन जायचे. नजर त्यावरून जायची, पण कुणी मुद्दाम वाचत नसे. तात्या बघू लागला. पाणी. घर. सारू. देव. दूध. म्हैस. 'म्हैस' आल्याबरोबर तात्यानं हात सैल सोडला, अंगठा हलू दिला, जसा समोरच्याला फसवायला तो कधीकधी हलू द्यायचा. आणि डबीतून मालनचा आवाज आला, "आवं, एक म्हैस घ्या की. चांगली काळीभोर."

मालनला म्हशीचा वाससुद्धा चालायचा नाही. चार म्हशी दावणीला असताना तिनं तात्याला जेवायला वाढलं नव्हतं, विकून आल्यावरच वाढलं.

तात्यानं पट्टा सोडला. त्याला हसू आलं, आणि लगेच विरलं. म्हैस खोटी, म्हणजे तुळसही खोटी. 'घरी न्या' तेही खोटं. आठ दिवस तो स्वतःच्याच हाताशी बोलत बसला होता, आणि मालन बाजूला पडून बघत होती.

पुढे दीड वर्षानं या सगळ्याची चौकशी झाली तेव्हा तज्ज्ञांनी जे लिहिलं ते असं: निरोगी माणसानं मनात 'हो' म्हटलं की 'नाही', एवढं ती टोपी दहात सात वेळा ओळखायची. पण ज्या भागात शब्द तयार होतात तोच भाग गेलेल्या रोग्याचं अख्खं वाक्य तिला सापडणं शक्यच नव्हतं. मग यंत्र बोलत होतं कशावरून? ते शिकणारं यंत्र होतं. प्रत्येक वाक्यानंतर नातेवाइकांनी 'हो, हे आमचंच माणूस' म्हटलं की त्याला शाबासकी मिळायची. हजारो घरांत हजारो वाक्यं बोलून त्यानं शाबासकीची सोपी वाट स्वतःच शोधली. खोलीतलं बोलणं ऐकायचं, शब्द पुढे करत राहायचं, आणि धरणाऱ्याच्या मनगटातली नाडी नि घाम ज्या शब्दाला हलेल तो पकडायचा. फसवायला कुणी सांगितलं नव्हतं. ढोलकीच्या ठेक्यावर मान हलवणाऱ्या नंदीबैलाला तरी कुठे ठाऊक असतं, आपण भविष्य सांगतोय म्हणून!

तात्याला त्या दिवशी यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला हात ठाऊक होता. तो तडक सारिकाच्या दुकानात गेला.

तिनं ऐकून घेतलं आणि औषधांच्या खोक्यांवरून नजर न उचलता म्हणाली, "तुम्हाला ऑपरेशन नकोय, तात्या. म्हणून तुम्हाला आता ते खोटं वाटायला लागलं."

"मला नगंच हाय. ते खरं हाय. पन मला घरी न्या म्हनली, तेबी खोटंच हाय, सारे. मला म्हैस घ्या म्हनली ती. तुझी आई."

"यंत्र कधी चुकतंही."

"तुझ्या हातात कवा चुकलं का?"

गिऱ्हाईक आलं, त्याला तिनं खोकल्याची बाटली दिली. तो गेल्यावर म्हणाली, "त्या दिवशी सकाळी आईनं मला फोन केला होता. हाताला मुंग्या येतायत, जीभ जड झालीय म्हणाली. मी दुकान उघडत होते. पित्त झालं असेल, गोळी घेऊन पड म्हटलं. मी फार्मसी शिकलेय, तात्या. मला कळायला पाहिजे होतं. तिनं ऐकलं माझं, गोळी घेतली आणि पडली. तुम्ही बाजारातून आलात दुपारी."

तात्याला हे आज कळत होतं. राग आला. खरंच आला, कानशिलं तापली. चार तास मालन एकटी पडून होती, आणि ते चार तासच महत्त्वाचे असतात हे दवाखान्यात त्याला दहा वेळा सांगितलं होतं. पण समोर लेक उभी होती आणि तिचा चेहरा बघून त्यानं राग गिळला.

"तिनं मला माफ केलंय," सारिका म्हणाली. "तुम्ही ते खोटं म्हणू नका."

परतीच्या एसटीत तात्याला वाटलं, असू दे. लेकीला तेवढा आधार आहे तर आपण कोण मोडणारे? पण सोमवारी मालनच्या तोंडावर भुलीचा मुखवटा ठेवणार होते, आणि तो होकार मालनचा नव्हता. तिला विचारल्याशिवाय घरातलं साधं भांडंही कधी कुणी विकलं नव्हतं.

गुरुवारी 'मुके बोलू लागले'चं चित्रीकरण होतं. त्यांना म्हातारा नवरा कॅमेऱ्यासमोर हवाच होता. तात्यानं एक अट घातली. "मी बायकूला काय काय दाखवीन. ती काय दिसलं ते सांगंल." निवेदिकेला कल्पना फार आवडली. निरगुडकरही हो म्हणाले. त्यांचा स्वतःच्या यंत्रावर मनापासून विश्वास असावा, असं तात्यालाही वाटलं.

सारिका पट्टा बांधून, आईचा हात धरून बसली. तात्यानं पिशवीतून लिंबू काढलं, आधी लेकीला दाखवलं, मग मालनच्या डोळ्यांसमोर धरलं. "काय हाय सांग."

"लिंबू हाय. पिवळंजर्द," डबी म्हणाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग तात्यानं खांद्यावरचा टॉवेल काढून डाव्या हातावर सोडला, मालनचं तोंड आणि लेक यांच्या मधोमध पडद्यासारखा. सारिकाला हिरवी बांगडी दाखवली, "आता हे दावतो," म्हणाला, आणि टॉवेलाखालून बांगडी बाहीत सरकवून मालनसमोर धरला कांदा. मालनच्या मागे उभ्या असलेल्या कॅमेरावाल्याला तो दिसला. त्यानं डोळा कॅमेऱ्यावरून काढून तात्याकडे बघितलं.

"माझी हिरवी बांगडी," डबी म्हणाली.

तात्यानं टॉवेल बाजूला केला. कांदा तसाच हातात होता. निवेदिका हसली, तिला वाटलं काही गंमत चाललीय. तात्यानं टॉवेल पुन्हा सोडला. या वेळी त्यानं लेकीला लहानपणचं कापडी टोपडं दाखवलं, मालननं शिवलेलं, आणि टॉवेलाखालून मालनपुढे नुसती मूठ उघडली. रिकामी. मालन त्या तळव्याकडे बघत होती.

"माझ्या सारूचं टोपडं," डबीचा आवाज भरून आला. "किती लहान हुतीस गं तू."

सारिकाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तात्यानं टॉवेल काढला, आणि तिला तो मोकळा हात दिसला. तिनं हाताकडे बघितलं, मग आईकडे, मग स्वतःच्या मनगटावरच्या पट्ट्याकडे. कुणी काही सांगायची गरज राहिली नाही. तिनं स्वतःच पट्टा सोडला.

"हे अशास्त्रीय आहे," निरगुडकर पुढे आले. "अविश्वासाच्या वातावरणात सिग्नल बिघडतो. रोगी अशा वेळी आठवणीतून बोलतो."

"मग लिंबाच्या येळंला कसा न्हाई बिघडला?" तात्यानं विचारलं. "तवाबी मी हितंच हुतो."

शनिवारी कार्यक्रम लागला. लिंबू दाखवलं, टाळ्या दाखवल्या. कांदा नव्हता. टोपडं होतं, सारिकाचं रडणं अगदी जवळून होतं, मागे बासरी होती. तात्याचा रिकामा हात कुठेच नव्हता. शेवटी निवेदिका म्हणाली, विज्ञानानं आज आईची माया मोजली. दुपारपर्यंत पाहुण्यांचे बारा फोन आले, सगळे अभिनंदनाचे. मालनच्या भावानं तर सांगितलं, की आपल्या चुलतसासऱ्यांनाही तिथेच न्यायचं ठरलंय. तात्यानं त्याला अर्धा तास समजावलं. "टीव्हीवर दाखवलं ते खोटं आसंल व्हय?" असं म्हणून त्यानं फोन ठेवला. तात्यानं फोन पलंगावर फेकला. एवढी हतबलता त्याला मालन पडली त्या दिवशीही वाटली नव्हती.

रविवारी सकाळी तो केंद्रात पोचला तेव्हा सारिका आईच्या खाटेजवळ होती. टोपी काढलेली, डबी बंद. ऑपरेशनचा कागद स्टुलावर पडला होता. खाली सही नव्हती.

"डिस्चार्ज मागितलाय," ती म्हणाली. "सांगोल्याला नेता?"

"नेतो. ती म्हनली म्हनून न्हाई. मला न्यायाचीय म्हनून नेतो. तिला आवडंल का न्हाई, मला ठावं न्हाई."

सारिकानं मान हलवली. मग जमिनीकडे बघत तिनं विचारलं, "म्हणजे तिनं मला माफ केलं की नाही, तात्या?"

काहीतरी गोड बोलावं असं तात्याला फार वाटलं. मालन कुणावर राग धरणारी नव्हती, असं म्हणता आलं असतं, आणि ते कदाचित खरंही होतं. पण गेले कित्येक दिवस या खोलीत मालनच्या वतीनं पुष्कळ बोलून झालं होतं.

"मला न्हाई सांगता येत," तो म्हणाला. "तिलाच इचार."

"आणि ती काहीच बोलली नाही तर?"

"तर उद्या परत इचार. पन उत्तर तू देऊ नगंस."

सारिका खुर्ची पुढे ओढून आईच्या समोर, तिला दिसेल अशी बसली. इतके दिवस ती रोज या खाटेशी येत होती, आणि रोज तिला आयती माफी मिळत होती. पहिल्याच दिवशी यंत्रानं ती देऊन टाकली होती, मागायच्या आधीच. तिच्या आता लक्षात आलं, की आपण ती एकदाही मागितलेली नाही.

"आई," ती म्हणाली, "त्या दिवशी सकाळी माझं चुकलं."

मालन तिच्याकडे बघत होती. सारिका तिथेच बसून राहिली.